रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि दुखणे रोजचे आहे. घरच्यांना काय सांगावे?

पाऊलवाट (भांडुप) यांचा प्रश्न

मी ४३ वर्षांची आहे. भांडुपला राहते आणि फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. गेली सहा वर्षे माझे अंग दुखते. सुरुवात मानेपासून झाली, मग खांदे, कंबर, मांड्या आणि आता हातांची बोटेही दुखू लागली आहेत. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दोनदा एमआरआय झाला, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या चाचण्या असे सगळे पाहून झाले आणि प्रत्येक वेळी कागदावर एकच उत्तर आले, की विशेष काही नाही. एका रुग्णालयात तर डॉक्टरांनी फाइल मिटताना माझ्याकडे न पाहता माझ्या यजमानांना सांगितले, "यांना जरा कशात तरी गुंतवून ठेवा." त्या दिवशी मी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून तिथे गेले होते. गेल्या वर्षी एका संधिवाततज्ज्ञांनी प्रथमच सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले, अंगावर जागोजागी दाबून पाहिले आणि हा फायब्रोमायल्जिया आहे असे सांगितले. दुखण्याला नाव मिळाले म्हणून मी घरी येईपर्यंत गाडीत रडत होते.

औषधांविषयी मला विचारायचे नाही. ती चालू आहेत आणि थोडा उतारही आहे. मला विचारायचे आहे ते मनाविषयी.

सकाळच्या स्लो लोकलमध्ये लेडीज डब्यात मी उभी असते. बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" एवढेच विचारण्याची आपली पद्धत आहे आणि तिने "दादर" म्हटले की तोवर उभे राहायचे. पोटुशी बाई असेल, म्हातारी बाई असेल, तर तिला कोणीतरी उठून जागा देते. मी धडधाकट दिसते. "मला दुखते आहे, मला बसू द्या" हे वाक्य सहा वर्षांत माझ्या तोंडून एकदाही निघालेले नाही, कारण पुढचा प्रश्न "काय झाले आहे?" हा असणार आणि त्याचे दोन शब्दांत देता येईल असे उत्तर माझ्याकडे नाही.

घरीही तेच होते. यजमान रोज संध्याकाळी विचारतात, "आज कसे आहे?" आणि मी रोज "बरे आहे" म्हणते. खरे सांगितले तर त्यांचा चेहरा उतरतो, आणि खोटे सांगितले की मी त्या घरात एकटी पडते. सासूबाईंनी आयुष्यभर सगळे अंगावर काढले आहे. त्या टोचून बोलत नाहीत, पण मी आडवी असताना त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठतात आणि कुकर लावतात, तेव्हा त्यांच्या न बोलण्याचाच मला त्रास होतो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. हल्ली ती सकाळी वेणी घालून घ्यायला शेजारच्या काकूंकडे जाते. मी तिला कधी नाही म्हटलेले नाही. माझी बोटे दुखतात हे तिने पाहिले आणि तिने आपला मार्ग शोधला. मला त्याचा इतका राग आला की मी तिच्याशी दिवसभर धड बोलले नाही, आणि रात्री त्या रागाचीच शरम वाटली.

कधी कधी झोपताना वाटते की उद्या जाग आली नाही तरी चालेल. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

माझे विचारणे एवढेच आहे, की अशा दुखण्याबरोबर वर्षानुवर्षे राहणारी माणसे घरच्यांना रोज काय सांगतात? आणि "आता हे असेच राहणार" असे मान्य करणे म्हणजे हार मानणे आहे का?

उंबरठा (दादर)

ताई, मला गेली सतरा वर्षे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. हा कण्याच्या आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांचा दाह आहे. रात्रीच्या उत्तरार्धात कंबर इतकी आखडते की जाग येते, आणि विश्रांतीने बरे वाटण्याऐवजी हिंडल्या-फिरल्यावर बरे वाटते. निदान होईपर्यंत माझी चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत "गादी बदला" पासून "लग्न करा" पर्यंत सगळे सल्ले मी ऐकले आहेत, त्यामुळे तुम्ही गाडीत का रडलात हे मला समजावून सांगण्याची गरज नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरात जसे सापडले तसे सांगतो. माझी पत्नीही रोज विचारत असे आणि मीही "ठीक आहे" म्हणत असे. मग डॉक्टरांकडे विचारतात तसे आम्ही शून्य ते दहा असे आकडे सांगून पाहिले, पण घरात त्या आकड्याचा उपयोग होत नाही, कारण "सात" म्हटल्यावर समोरच्याने करायचे काय हे त्यातून कळत नाही. पत्नीला खरे तर माझे दुखणे मोजायचे नव्हते. भाजी आणायला मी जाणार की तिने जायचे, एवढेच तिला त्या वेळी हवे होते. म्हणून आम्ही तीन उत्तरे ठरवली: "आज चालेल", "आज जपून" आणि "आज नको". "जपून" म्हणजे मी काम करीन पण बसून आणि थांबत थांबत, आणि "नको" म्हणजे मला काही विचारू नका, जेवण तेवढे आणून द्या. या तीन उत्तरांपुढे कोणीही स्पष्टीकरण मागायचे नाही, हा त्यातला मुख्य करार आहे. पहिले काही आठवडे ते कृत्रिम वाटले. नंतर माझ्या आठ वर्षांच्या मुलानेही तापात "आज नको" म्हटले, तेव्हा मला कळले की घराने तो शब्द आपला केला आहे.

तुमच्या मुलीविषयी मला वेगळे वाटते. ती तुमच्यापासून दूर गेली नाही, तिने तुमची बोटे वाचवली. पण तिने ते तुम्हाला न विचारता केले, कारण घरात त्याविषयी बोलायची सोय नव्हती. मुलांना दुखण्याची तितकी भीती वाटत नाही, जितकी त्याविषयी कोणी बोलत नाही याची वाटते.

लोकलविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. माझ्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे आणि मी दिव्यांगांच्या डब्यातून जातो, तरीही महिन्यातून एकदा तरी कोणीतरी वरपासून खालपर्यंत पाहून "तुम्हाला काय झाले आहे?" असे विचारतेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत. फायब्रोमायल्जिया त्यांत नाही, त्यामुळे तुम्हाला हा मार्ग आज खुला नाही आणि मला हे अन्यायाचे वाटते. मात्र सरळ विचारून पाहा: "मला सांधे-स्नायूंचा जुना आजार आहे, घाटकोपरपर्यंत बसू द्याल का?" थोड्या वेळासाठी मागितलेली जागा लोक सहसा देतात. मी प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी असेच करत होतो. पहिल्यांदा विचारताना माझे कान तापले होते, हेही खरे आहे.

पारिजात (परळ)

मी निवृत्त फिजिओथेरपिस्ट आहे. एकतीस वर्षे सार्वजनिक रुग्णालयात काम केले. सर्वांत आधी तुम्ही शेवटी लिहिलेल्या त्या एका ओळीविषयी बोलते. "जाग आली नाही तरी चालेल" हा विचार दीर्घ दुखण्यात पुष्कळांना शिवून जातो, आणि तो आला म्हणून तुम्ही दुबळ्या ठरत नाही. पण तो मनातच ठेवायचा विचार नाही. तो नुसता थकव्यातून येतो आहे, की जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याचा विचारही त्याच्या मागोमाग येतो, हे स्वतःला स्पष्ट विचारा आणि उत्तर काहीही असले तरी यजमानांना आणि तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. दुसरा विचार असेल, तर आठवडाही थांबू नका. रात्री अडीच वाजता कोणाला उठवायचे असा प्रश्न पडला तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता रिपोर्टविषयी. पावसाळ्यात ओल शिरली की काही घरांची दारावरची बेल आपोआप वाजू लागते. दार उघडून पाहिले तर बाहेर कोणी नसते, पण म्हणून बेल वाजलीच नाही असे कोणी म्हणत नाही. एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या दारात कोणी उभे आहे का एवढेच पाहतात. वायरिंगमध्ये काय चालले आहे ते त्यांत दिसत नाही. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्था संदेश वाढवून पोहोचवू लागते, त्यामुळे एरवी जो स्पर्श किंवा श्रम जाणवलाही नसता तो दुखणे म्हणून जाणवतो. हे दुखणे कल्पनेतले नसते.

मनाचा यात संबंध काय, हे विचारताना रुग्ण बिचकतात, कारण "मनाचा संबंध आहे" याचा अर्थ त्यांना "तुम्ही नाटक करता" असाच ऐकू येतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी मांडले, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत एका फाटकातून जातो आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते फाटक कमी-जास्त उघडू शकतात. त्यांच्या मांडणीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ मुद्दा टिकून आहे. अपुरी झोप, भीती, चिडचिड, एकटेपणा यांनी फाटक अधिक उघडते; आश्वासक सोबत, मन रमवणारे काम आणि बेताचा व्यायाम यांनी ते थोडे मिटते. म्हणजे तुम्ही "बरे आहे" म्हणून जे गिळता, त्याचा भार शरीरावरही पडतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यात वेदनेला संवेदनेइतकाच भावनेचा अनुभव म्हटले आहे, आणि माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे असे सोबतच्या टिपणात नोंदवले आहे. ज्या डॉक्टरांनी फाइल मिटली, त्यांनी तो मान राखला नाही. त्याचा राग तुम्हाला अजून येत असेल तर तो योग्यच आहे, पण तो मुलीच्या वेणीवर निघू देऊ नका.

मान्य करणे म्हणजे हार का, या प्रश्नावर माझे मत अनुभवातून बनलेले आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत मी एकच चूक पुन्हा पुन्हा पाहिली. बरा दिवस उगवला की त्या गेल्या चार दिवसांची राहिलेली कामे त्या एका दिवसात उरकत आणि मग पुढचे तीन दिवस अंथरूण धरत. गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा तर मला ठरलेलाच होता. माळ्यावरची भांडी काढायची, घर धुवून काढायचे, फराळाचे करायचे आणि विसर्जनानंतर माझ्या बाकावर येऊन बसायचे. दुखणे मान्य नसणे म्हणजे हेच आहे, की बऱ्या दिवशी ते गेले असे समजून वागायचे. मान्य करणारी बाई बऱ्या दिवशीही ओट्यापाशी पंधरा मिनिटांनी बसते, कारण विसाव्या मिनिटाला कळ सुरू होते हे तिने घड्याळ लावून पाहिलेले असते. ती दुखायला लागल्यावर थांबत नाही, त्याच्या आधी थांबते. दर पंधरवड्याला मिनिटभर वाढवत गेलेल्या बायका वर्षाअखेर कुठवर पोहोचल्या हे मी पाहिले आहे. चालण्याचेही तसेच आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ठामपणे शिफारस केली होती ती एकट्या व्यायामाचीच, पण तो सावकाश वाढवत न्यायचा असतो. पहिल्याच दिवशी पवई तलावाला फेरी मारायला जाऊ नका.

आणखी दोन गोष्टी सांगते. औषधांत अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखे नाव असेल आणि ते नैराश्याचे औषध आहे असे कुठे वाचलेत, तर डॉक्टरांनी तुमच्यावर अविश्वास दाखवला असे समजू नका. ती औषधे वेदनेचे संदेश मंद करण्यासाठीही देतात, आणि ती मनाने एकदम बंद करू नयेत. दुसरे म्हणजे डॉक्टरांशी बोलताना "दुखते" या एका शब्दावर थांबू नका. आपल्या भाषेत याची किती बारीक नावे आहेत! ठणका धरून राहतो, कळ येते आणि ओसरते, चमक क्षणात भरते, रग श्रमानंतर लागते, ठसठस आत काही पिकल्यासारखी वाटते. आग आणि मुंग्या सांगितल्यात तर डॉक्टर नसांचाही विचार करतील. शब्द जितका नेमका, तितके ऐकणाऱ्याला तुमच्याबरोबर येणे सोपे जाते. हे यजमानांनाही लागू आहे.

केळीचे पान (गिरगाव)

माझे वय ७१ आहे आणि दोन्ही गुडघे गेलेले आहेत. "मन खंबीर करा" असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मला ते सांगणाऱ्यांनी माझे काहीही हलके केले नाही. पहाटे तीनला जाग येते तेव्हा मी नाम घेते. त्याने दुखणे थांबत नाही. पण त्या वेळी चाळीत एकही दिवा नसतो आणि तोंडात काहीतरी असले म्हणजे रात्र पुढे सरकते. ज्याला नाम नको त्याने पाढे म्हणावेत.

तुमच्या सासूबाईंविषयी लिहायचे होते. त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठतात असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना कोणी विचारते का, की तुमचे कसे आहे? आमच्या पिढीने अंगावर काढले कारण विचारणारे कोणी नव्हते. तुम्ही दोघी एका स्वयंपाकघरात दुखणे लपवत उभ्या आहात असे मला वाचताना दिसले.

निवांत दुपार (ठाणे)

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्या पत्नीला बारा वर्षे संधिवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे. मीही रोज विचारत असे आणि ती "बरे आहे" म्हणाली की मला सुटल्यासारखे वाटत असे. ते खोटे आहे हे मला ठाऊक असे. पण खरे ऐकल्यावर मला काही करता येणार नव्हते आणि त्या हतबलतेला मी घाबरत होतो, म्हणून आम्ही दोघे मिळून ते खोटे जपत होतो. एकदा ती स्पष्ट म्हणाली, "तुम्ही काही करू नका, फक्त ऐका आणि चेहरा पाडू नका." त्यानंतर मी उपाय सुचवणे थांबवले. ते सोपे नव्हते. पुरुषाला काहीतरी दुरुस्त करून दाखवायचे असते.

तुमच्या यजमानांचा चेहरा उतरतो तो तुम्ही ओझे झालात म्हणून नसेल. आपण काय करायचे हे त्यांना माहीत नसेल. त्यांना एक नेमके काम सांगा, मग ते पाठीला शेक देणे असो की रात्रीची भांडी असोत. माणूस हात चालवू लागला की त्याचा चेहरा आपोआप सावरतो.

पाऊलवाट (भांडुप)

सर्वांची उत्तरे मी तीन-चार वेळा वाचली. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण आधी काही करून मग लिहावे असे वाटले.

पारिजातताई, ती ओळ मी यजमानांना वाचून दाखवली. सांगायला जमत नव्हते, म्हणून फोन त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, की कधीपासून असे वाटते, आणि मी सांगितले. तुम्ही सुचवलेला प्रश्न मी स्वतःला विचारला होता. तो दुसरा विचार माझ्या मनात नाही, आणि हेही त्यांना सांगितले. शुक्रवारी ते माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले आणि आता एका समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

सासूबाईंना मी गुडघ्यांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "मला वाटले तुला माझेही ऐकायला नको." आता दुपारी आम्ही दोघी एकाच शेकाच्या पिशवीवर पाळी लावतो, आणि कुकर ज्या दिवशी जिला जमेल तिने लावायचा असे ठरले आहे.

"आज जपून" हे उत्तर आमच्याकडेही सुरू झाले आहे. रविवारी मुलगी कंगवा घेऊन आली आणि तिने आधी विचारले, "आज काय आहे?" मी "जपून" म्हटले. एक वेणी घातली, पाच मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवले आणि मग दुसरी घातली. दुसरी थोडी सैल झाली. शाळेच्या दिवशी सकाळी एवढा वेळ नसतो, तेव्हा ती काकूंकडेच जाईल आणि त्याला माझी आता हरकत नाही. "हे पूर्ण बरे होणार आहे का?" असे तिने विचारले, तेव्हा "माहीत नाही, पण कमी होऊ शकते" असे खरे उत्तर मी दिले. मला वाटले होते की ती रडेल. ती म्हणाली, "मग पावसाळ्यात जास्त दुखते ते लिहून ठेवूया का?"

लोकलमध्ये अजून विचारलेले नाही. उंबरठा, तुम्ही पहिल्यांदा विचारले तेव्हा समोरचा माणूस नाही म्हणाला असता तर काय करायचे हे ठरवले होते का?

उंबरठा (दादर)

ठरवले होते. "हरकत नाही" म्हणायचे आणि शेजारच्याला विचारायचे. पहिला माणूस खरोखरच नाही म्हणाला होता. त्याच्या शेजारचा उठला.